कपाशीच्या वाटेनं बोरीकाठी

डिसेंबरात नंदुरबारला गेलात तर गावाआधी मिरची भेटते. शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते, आणि वारा फिरला की डोळ्यांत पाणी उभं राहतं. मी या खेपेस निघालो होतो ते मात्र पांढऱ्या पिकाच्या मागे. शहाद्याकडून येणाऱ्या रस्त्यावर कापसानं ठासून भरलेल्या ट्रॉल्या एकामागून एक जात होत्या. ट्रॉली गेली की रस्त्याकडेच्या बाभळीच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकून राहायचे. ते पुंजके बघत बघत पुढे जायचं, कपाशी शेतातून निघून कुठे कुठे जाते आणि पूर्वी कुठे जायची ते पाहायचं, असा बेत होता. शेवटचा मुक्काम होता बोरी नदीकाठचं अमळनेर. तिथे प्रताप मिल नावाची कापडगिरणी होती, आणि त्या गिरणीनं एक अख्खं गाव घडवलं.

नंदुरबार हा जिल्हा म्हणून तरुण आहे. १ जुलै १९९८ रोजी तो धुळ्यातून वेगळा झाला. गाव मात्र फार जुनं. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी चौदाव्या शतकात दौलताबादहून खंबायतकडे जाताना इथे थांबला होता. हे मराठ्यांचं छोटं गाव आहे आणि इथली माणसं हस्तकलेत तरबेज आहेत, अशी नोंद त्यानं करून ठेवली. पुढे मोगलांच्या काळात सुरत ते बऱ्हाणपूर हा हिंदुस्थानातला मोठा व्यापारी रस्ता झाला आणि नंदुरबार त्या रस्त्यावरचं ठाणं बनलं. सतराव्या शतकात इंग्रजांनी इथे वखारही घातली. सुरतेच्या बंदरातून जे कापड जहाजांवर चढायचं, त्यातलं बरंचसं बैलांच्या पाठीवरून याच रस्त्यानं यायचं.

आज माणिक चौकात उभं राहिलं की मन आधी १९४२ कडे जातं. ९ सप्टेंबरला शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथीदार इथे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. चौकातल्या स्मारकापाशी चप्पल काढून नमस्कार करणारी शाळकरी मुलं पाहिली आणि वाटलं, या गावानं आपल्या पोरांची आठवण नीट जपली आहे. आठवण जपण्याचा हा विषय पुढे साऱ्या प्रवासभर माझ्यासोबत राहिला.

नंदुरबारहून मी प्रकाशाला गेलो. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचं हे गाव खानदेशात दक्षिण काशी म्हणून ओळखलं जातं. केदारेश्वराच्या घाटावर सकाळी पिंडदान करणाऱ्यांची गर्दी होती. याच गावात १९५४-५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व विभागाच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केलं आणि थेट ताम्रपाषाण काळापर्यंतची वस्ती उजेडात आणली. म्हणजे तापीच्या या काळ्या मातीवर माणूस तीन हजारांहून अधिक वर्षं पिकं घेतो आहे. मुलताईत उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळणारी ही नदी इथे रुंद आणि संथ दिसते, कारण आता प्रकाशाला आणि वरच्या अंगाला सारंगखेड्याला बॅरेज बांधून तिचं पाणी अडवलं आहे. सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरायच्या बेतात होती. घोड्यांच्या बाजारासाठी दूरदूरचे व्यापारी तंबू ठोकत होते.

शहादा तालुक्यात लोकनायक जयप्रकाश नारायण शेतकरी सहकारी सूतगिरणी आहे. शेतकऱ्यानं नुसता कापूस विकून मोकळं न होता त्याचं सूतही आपणच काढावं, हा सहकारातला विचार इथे अण्णासाहेब पी. के. पाटील यांच्या पुढाकारानं रुजला. साखर कारखान्याबद्दल आपण पुष्कळ वाचतो. सूतगिरणी कशी चालते हे कापूस पिकवणाऱ्या घरांतही अनेकांना ठाऊक नसतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

शेतातून येतो तो कपास, म्हणजे सरकीसकट कापूस. जिनिंगमध्ये सरकी वेगळी निघते आणि उरते ती रुई. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई मिळते, बाकीचा बहुतेक भाग सरकीचा. रुई दाबून १७० किलोची गाठ बांधतात. सूतगिरणीत ही गाठ फोडली जाते ती ब्लोरूममध्ये. तिथे कचरा, माती, पानांचा चुरा झटकला जातो. मग कार्डिंगच्या दातेरी रुळांवरून रुई पिंजली जाते आणि अंगठ्याएवढ्या जाडीच्या मऊ पेळूच्या रूपात पिंपात उतरते. पेळू ओढत ओढत बारीक होतो, त्याला हलका पीळ बसतो, आणि शेवटी रिंगफ्रेमवर हजारो चात्या एकदम फिरायला लागल्या की त्याचं सूत होतं. आपल्याकडची सहकारी सूतगिरणी म्हणजे ढोबळमानानं पंचवीस हजार चात्यांचा कारखाना.

रिंगफ्रेमच्या दोन रांगांमधून चालताना दोन गोष्टी अंगाला जाणवतात. एक म्हणजे आवाज, आणि दुसरी ओल. बाहेर हवा कोरडी ठणठणीत असते, आत मात्र पावसाळ्यासारखी दमट. कारण हवा कोरडी झाली की धागा कडक होतो आणि तुटतो. म्हणून आत सतत पाण्याचे बारीक तुषार सोडावे लागतात. जुन्या गिरण्या नदी धरून का बसल्या याचं एक उत्तर इथेच मिळालं. दुसरं उत्तर वाफेच्या इंजिनात आहे. बॉयलरला पाणी लागायचं, वापरलेली वाफ थंड करायला पाणी लागायचं, आणि कापड धुवायला, रंगवायला, कांजी द्यायला तर लागायचंच.

सूतगिरणीतून सूत निघतं, पण कापड निघत नाही. ते सूत मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या मागांवर जातं. तिकडे नवापूरला गुजरातच्या हद्दीला लागून टेक्स्टाईल पार्क झालं आहे आणि त्याचा सगळा ओढा सुरतेकडे आहे. नंदुरबार जिल्ह्याचा धागा असा अजून चालू आहे. पण कापूस आत गेला आणि धोतर, साडी, लठ्ठा होऊन बाहेर आला, अशा जुन्या कापडगिरणीचं गाव पाहायचं तर पूर्वेला जावं लागतं. खानदेशातल्या मोठ्या कापडगिरण्या उभ्या राहिल्या त्या जळगाव, धुळे, चाळीसगाव आणि अमळनेर इथे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदुरबार स्टेशनवर गाडी धरली. हा रेल्वेमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर टाकला गेला. सुरतेहून अमळनेरपर्यंत तापी व्हॅली रेल्वे आली आणि जळगावकडून अमळनेरपर्यंत जीआयपी रेल्वेनं रूळ आणले. खानदेशचा कापूस सुरतेच्याही दिशेनं जावा, भुसावळमार्गे मुंबईच्याही, असा तो हिशेब होता. त्यामागे एक दूरची लढाई होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसावर उडी घेतली. खानदेशात पीक वाढलं, पैसा खेळला, आणि युद्ध थांबताच भाव कोसळून कित्येकांचं दिवाळंही वाजलं. परदेशातल्या भावावर आपलं पीक तोललं जातं हा अनुभव खानदेशच्या शेतकऱ्याला दीडशे वर्षांपूर्वीच आला होता. आपला कापूस आपणच विणावा, ही इच्छा त्यानंतर बळावली यात नवल नाही.

दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, बेटावद अशी स्टेशनं मागे पडली. खिडकीतून सलग कपाशी, मधेच केळीची हिरवी पट्टी, पुन्हा कपाशी. वेचणीला निघालेल्या बायकांच्या कमरेला ओट्या बांधलेल्या होत्या. अमळनेर आलं तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं.

अमळनेर बोरीच्या डाव्या तीरावर वसलं आहे. बोरी ही तापीची उपनदी. तिच्या पात्रातच संत सखाराम महाराजांची समाधी आहे, आणि वैशाखात इथे मोठी यात्रा भरते. अशा या वारकरी गावात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात श्रीमंत प्रताप शेठ यांनी कापडगिरणी उभी केली. त्यांचं मूळ नाव मोतीलाल माणेकचंद. त्याच सुमारास, १९०६ मध्ये, खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. अमळनेर पूर्व खानदेशात गेलं, पण गिरणीला लागणारा कापूस दोन्हीकडच्या बाजारांतून यायचा. पुढे धुळ्यातही त्यांची न्यू प्रताप मिल चालू झाली.

गिरणी आली की गावाचं घड्याळ बदलतं. शेतकरी उन्हावर चालतो, गिरणी कामगार भोंग्यावर. बोरीच्या घाटावर एक ऐंशीच्या घरातले आप्पा बसले होते. मी गिरणीचा विषय काढताच त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. त्यांची सारी नोकरी रिंगखात्यात गेली होती. माझ्या पिशवीत वाटेतून वेचलेला कापसाचा एक पुंजका होता. तो त्यांनी मागून घेतला, त्यातली कस्पटं निवडली आणि डाव्या हाताच्या चिमटीत तंतू ओढत उजव्या अंगठ्यानं पीळ द्यायला लागले. मिनिटाभरात वीतभर धागा झाला. मग तो त्यांनी मधोमध तोडला आणि दोन टोकं एकमेकांवर ठेवून, गाठ न मारता, नुसत्या बोटाच्या एका फिरकीनं पुन्हा जोडला. म्हणाले, “वढी देख.” ओढून पाहिलं. तुटला नाही. पाळीत असे शेकडो सांधे त्यांनी चालत्या मशिनीवर, चाती फिरत असताना घातले होते.

“भोंगा वाजना का सारं गाव उठे,” आप्पा सांगत होते. “आते भोंगा नही, तरी बी मनी झोप साडेपाचलेच उघडस.”

त्यांच्या बोलण्यातून एक एक खातं उभं राहत गेलं. रिंगखातं, कांजीखातं, साचेखातं. जॉबर, मुकादम, बदली कामगार. साच्यावर उजवीकडून डावीकडे धावणारा धोटा. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर भरणारा बाजार. फाटकातून बाहेर पडणाऱ्या माणसांच्या भुवयांवर, मिशांवर बसलेली रुईची धूळ. आणि त्याच धुळीनं काहींना जन्मभराचा लागलेला खोकला. तेही आप्पांनी सांगितलं, न लपवता. गिरणीबद्दल त्यांच्या मनात माया होती, पण कष्ट ते विसरले नव्हते.

या कष्टांची बाजू घेणारा एक माणूस अमळनेरनं पाहिला. पांडुरंग सदाशिव साने १९२४ मध्ये इथल्या शाळेत शिक्षक झाले आणि १९३० पर्यंत शिकवत राहिले. छात्रालयातल्या मुलांची अंथरुणं आवरणारे, त्यांच्यासाठी ‘विद्यार्थी’ मासिक काढणारे साने गुरुजी महाराष्ट्राला ठाऊक आहेत. त्याच गुरुजींनी १९३८ मध्ये अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचं साप्ताहिक काढलं आणि शेतकऱ्यांच्या बरोबरीनं गिरणी कामगारांचे प्रश्न लावून धरले. मालकाच्या देणगीवर वाढलेलं गाव आणि मजुराच्या हक्कासाठी झगडणारा मास्तर, दोन्ही अमळनेरचेच.

देणगी म्हणजे काय, ते पाहायला मी प्रताप तत्त्वज्ञान केंद्रात गेलो. १९१६ मध्ये प्रताप शेठनी इथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केलं. कल्पना करा, रेल्वे येऊन जेमतेम सोळा वर्षं झालेलं तालुक्याचं गाव, आणि तिथे देशभरातून तरुण विद्वान अद्वैत वेदान्त अभ्यासायला येताहेत. राहण्याची, जेवणाची, ग्रंथांची सोय गिरणीच्या पैशातून. कृष्णचंद्र भट्टाचार्य हे आधुनिक भारतातले मोठे तत्त्वज्ञ १९३० च्या दशकात काही काळ इथले संचालक होते. जी. आर. मलकानी इथूनच ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी नियतकालिक चालवत आणि ते परदेशातही वाचलं जाई. खुद्द साने गुरुजी अमळनेरला पहिल्यांदा आले ते याच संस्थेत, तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायला. ग्रंथालयातली जुनी कपाटं, शांत आवार आणि झाडांची दाट सावली यांत मी दुपार काढली. हजारो चात्यांच्या गोंगाटातून ही शांतता विकत घेतली गेली होती, हे मनातून जाईना.

१९४५ मध्ये खानदेश शिक्षण मंडळाचं प्रताप महाविद्यालय सुरू झालं. खेड्यापाड्यांतली मुलं जवळच पदवीधर होऊ लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस याच गावात मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स असं त्याचं लांबलचक नाव. जगभर पसरलेल्या विप्रोचा उगम तो हाच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सत्त्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला झालं, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचे साहित्यरसिक प्रताप महाविद्यालयाच्या आवारात जमले होते. त्यातल्या किती जणांना ‘प्रताप’ या नावामागचा भोंगा ऐकू आला असेल?

प्रताप मिल केव्हाच थांबली. देशभर जे झालं तेच इथे झालं. जुनी यंत्रं, यंत्रमागाचं स्वस्त कापड, कृत्रिम धागा, वाढता तोटा. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानं गिरण्यांचा शेवट सगळ्यांच्या डोळ्यांवर आणला. खानदेशातल्या गिरण्या त्यामानानं निमूट गेल्या. त्यांच्यावर फारसं कोणी लिहिलं नाही.

परतीला जळगावला उतरलो. जळगावची खानदेश मिल प्रताप मिलहून जुनी. १८७० च्या दशकात, रेल्वे आल्यावर थोड्याच वर्षांत ती उभी राहिली. मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटचं नाव ज्या घराण्यावरून पडलं, त्याच घराण्याशी या गिरणीचं नातं होतं, आणि जळगावच्या नावाजलेल्या महाविद्यालयालाही मूळजी जेठांचंच नाव आहे. स्टेशनजवळच्या गिरणीच्या त्या जागेवर आता खानदेश सेंट्रल नावाचं व्यापारी संकुल आहे. संध्याकाळी तिथे गेलो. दिव्यांचा लखलखाट, तयार कपड्यांची दुकानं, खरेदीला आलेली कुटुंबं. जागा रिकामी पडून झाडोरा माजण्यापेक्षा तिथे माणसं आली, रोजगार आला, हे चांगलंच. पण जिथे शंभर वर्षं कापड विणलं गेलं तिथे कापड विकत घेणाऱ्या मुलीला ती गोष्ट ठाऊक असावी, एवढं तरी व्हायला हवं.

हे अवघड नाही. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला आयर नदीकाठी सॉल्टेअर नावाचं गिरणीगाव आहे. टायटस सॉल्ट यांनी १८५३ मध्ये तिथे गिरणी बांधली आणि कामगारांसाठी घरं, शाळा, इस्पितळ असं सारं गावच वसवलं. १९८६ मध्ये गिरणी बंद झाली. दुसऱ्याच वर्षी जोनाथन सिल्व्हर नावाच्या स्थानिक उद्योजकानं ती घेतली आणि पहिल्या प्रथम एक दालन चित्रांसाठी उघडलं. पुढे पुस्तकांचं दुकान आलं, उपाहारगृह आलं, इतर कार्यालयं आली. भिंती त्याच, छत तेच. २००१ मध्ये ते गाव जागतिक वारसा यादीत गेलं. सॉल्टेअरला जी गोष्ट आहे ती अमळनेरलाही आहे. नदी आहे, गिरणी आहे, शाळा-महाविद्यालय आहे, आणि वर एक तत्त्वज्ञान मंदिर आहे, जे सॉल्टेअरकडे नाही.

माझं मत या प्रवासात पक्कं झालं. गिरणीचा पुनर्वापर म्हणजे तिच्या जमिनीचा पुनर्वापर एवढंच आपण समजतो, आणि तिथेच चुकतो. अमळनेरच्या गिरणीचा सर्वांत मोठा पुनर्वापर ती चालू असतानाच झाला होता. सुताचा पैसा ग्रंथात गेला, शाळेत गेला, महाविद्यालयात गेला, आणि म्हणून गिरणी थांबल्यावरही गाव थांबलं नाही. आता उरलं आहे ते एकच काम, गिरणीच्या माणसांची आठवण सांभाळण्याचं. त्याला मोठा निधी लागत नाही. प्रताप महाविद्यालयात किंवा तत्त्वज्ञान केंद्रात एक खोली पुरेल. जुनी मस्टर बुकं, पगाराची पाकिटं, बिल्ले, धोटे, बॉबिनी, कापडावरचे छापे, खात्यांतले फोटो हे सारं अजून घराघरांत, माळ्यावरच्या ट्रंकांत आहे. इतिहासाच्या आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी एका उन्हाळ्यात निवृत्त कामगारांचे आवाज फोनवर ध्वनिमुद्रित केले तरी अहिराणीतला एक मोठा ठेवा हाती लागेल. शहाद्याच्या बाजूला सूतगिरण्या आज चालू आहेत. त्यांनीही आपल्या दारात शाळेच्या सहली बोलवाव्यात, म्हणजे कपाशी वेचणाऱ्या आईचं पोर आपल्या कापसाचं सूत होताना पाहील.

आप्पांनी कातलेला तो वीतभर धागा मी वहीच्या पानात ठेवला आहे. जोड कुठे आहे ते शोधूनही सापडत नाही. तुमच्या घरात, नात्यात, शेजारी कुणी गिरणीत काम केलेलं असेल तर येत्या सुट्टीत त्यांच्याजवळ तासभर बसा आणि त्यांचं बोलणं लिहून घ्या. ही माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत.